डावीकडची लाल रेघ

अण्णा,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. तरीही ताट वाढून झाले की माझा हात ते अर्धे फिरवायला पुढे होतो. पाण्याचा तांब्या टेबलाच्या कडेपासून वीतभर आत सरकवला जातो. न्हाणीच्या दारातले पायपुसणे मी दिवसातून चार वेळा सरळ करते. या घरात आता पडण्यासारखे कोणी राहिलेले नाही, हे मला कळते. हाताला कळत नाही.

नऊ महिने मी एकाच आवाजाची धास्ती घेऊन जगले. तू पडल्याचा आवाज. कुकरची शिट्टी होत असली तरी माझा एक कान तुझ्या काठीकडे असायचा. तो आवाज शेवटपर्यंत आला नाही. मंगळवारी सकाळी तू चहा प्यायलास, कप खाली ठेवलास आणि कॉटवर बसल्याजागी मान टाकलीस. मेंदूचा दुसरा झटका, असे डॉक्टरांनी सांगितले. मी त्यांना विचारले, "तोल जाऊन, कुठे डोके आपटून तर नाही ना?" ते म्हणाले, "नाही हो बाई, तोलाचा इथं काही संबंध नाही." म्हणजे मी पहारा दिला तो दुसऱ्याच दारावर.

तुझ्या-माझ्यातला एक वाद अर्धा राहिला आहे. तो मला पूर्ण करायचा आहे. पण अडतीस वर्षे शाहूपुरीतल्या दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या माणसाला जे एका फटकाऱ्यात जमते, ते बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीला जमत नाही. मला पाढा पहिल्यापासूनच म्हणावा लागतो.

पहिल्या झटक्यानंतर दवाखान्यातून गडमुडशिंगीच्या आपल्या घरी आलास, तेव्हा तुझा एकच घोशा होता. "डावा डोळा गेला गं माझा." मी वहीच्या पुठ्ठ्याने तुझा डावा डोळा झाकला आणि समोरचे कॅलेंडर वाचायला सांगितले. तारखा तू वाचल्यास; डावीकडच्या रकान्यातली वारांची नावे तुला दिसली नाहीत. मग मी उजवा डोळा झाकला. जो डोळा गेला असे तू म्हणत होतास, त्या डोळ्यानेही तू तारखा वाचल्यास, आणि वार तेवढे पुन्हा राहिले. तेव्हा मी समजावून सांगितले की डोळे दोन्ही शाबूत आहेत. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिलेल्या चित्राचा डावा अर्धा भाग मेंदूत उमटत नाही.

मग म्हणालास, "म्हंजे बोर्ड हाय तसाच हाय, पर आर्ध्यावर कुणीतर चुना फासलाय म्हण की."

इतके नेमके वाक्य मला बत्तीस वर्षांत एकाही धड्यात सापडले नव्हते.

त्यानंतर महिनाभर तू जेवताना रोज विचारायचास, "आज चटणी न्हाय व्हय?" चटणी ताटाच्या डाव्या बाजूला असायची, कांदाही तिथेच असायचा. अर्धी भाकरी खाऊन तू हात धुवायला उठायचास आणि उरलेली अर्धी तुझ्यासमोर तशीच असायची. कोल्हापूरच्या माणसाने चटणीवाचून जेवून उठावे, हे मला पाहवेना. मी ताट अर्धे फिरवू लागले. चटणी तुझ्या उजवीकडे यायची, तुझा चेहरा उजळायचा. मला वाटायचे, मी तुझी सोय करते आहे.

शाहूपुरीतल्या व्यायाम-उपचार केंद्रातल्या मॅडम पहिल्याच दिवशी मला त्याबद्दल रागावल्या. वयाने त्या माझ्या विद्यार्थिनी शोभतील. "बाई, ताट फिरवायचं नाही. त्यांनी नजर फिरवायची. सगळं जर उजवीकडं आणून दिलंत, तर मेंदूला डावीकडं बघायची गरजच कशाला पडंल?" मग त्यांनी छापील मजकुराचा कागद घेतला, त्याच्या डाव्या कडेला वरून खाली एक लाल पट्टी चिकटवली आणि तुला म्हणाल्या, "अण्णा, ही लाल रेघ दिसेपर्यंत डोळे डावीकडं न्यायचे. रेघ सापडली की मगच ओळ वाचायची. रेघ न सापडता वाचाय लागलासा तर ओळ मधूनच सुरू होणार, आणि तुम्हाला वाटणार छापणाऱ्याचंच चुकलंय."

तू माझ्याकडे वळून हसलास. मीही हसले. का, ते मॅडमना कळले नाही.

मी पहिलीत होते तेव्हा आपल्याकडे कोऱ्या कागदांची शिवलेली वही होती. दुसऱ्या मुलींच्या वह्यांना छापील समास होता. तू तेव्हा सातवीतून शाळा सोडून एका पेंटरच्या हाताखाली डबे धुवायला लागला होतास. एका संध्याकाळी लाल पेन्सिल आणि बोर्डावर आखायची लांब पट्टी घेऊन तू बसलास आणि माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे उभी रेघ ओढलीस. शेवटच्या पानापर्यंत. म्हणालास, "कड सोडली की अक्षर शहाणं दिसतं." पुढे मी किती वर्गांना सांगितले असेल, समास सोडा, रेघेला चिकटून लिहू नका. ते वाक्य माझे आहे असेच मी समजत होते.

केंद्रात आठवड्यातून दोन वेळा आणि घरी रोज, असा आपला अभ्यास सुरू झाला. भिंतीवर अंकांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि तू डावीकडून सुरुवात करून त्या क्रमाने शोधायच्या. पावले जुळवून उभे राहायचे, आधी खिडकीचा गज पूर्ण मुठीत धरून, मग दोन बोटांनी, मग न धरता. घडी घातलेल्या गोधडीवर उभे राहायचे. फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावून चालायचे. चालता चालता मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे. मान वळवली की तुला गरगरायचे. मॅडम म्हणायच्या, थोडे गरगरणारच. थांबा, एका वस्तूवर नजर रोवा, स्थिर झाल्यावर पुढे. मी वेळापत्रक करून भिंतीला लावले, वही घातली, प्रत्येक व्यायामापुढे दहापैकी गुण लिहू लागले.

"मला काय चौथीत बशीवलीस व्हय गं?"

"चौथीतली मुले बरी. ती सांगितलेले ऐकतात."

"सात दिलीस. सहा दे आन् चहा ठेव."

हे सगळे चालू असताना माझा उजवा हात कुठे असायचा, ते मला आज लिहायचे आहे. तो तुझ्या डाव्या कोपराखाली असायचा. मॅडमनी किती वेळा सांगितले! "बाई, हात सोडा की. जवळ थांबा, पण धरू नका. तुम्ही धरलंत की त्यांचं अंग तुमच्यावरच रेलतंय. तोल त्यांनी शोधायचा आहे." मी हो म्हणायचे, हात काढायचे, आणि दोन पावलांनंतर तो पुन्हा तिथेच असायचा. शाळेची सहल रस्त्यावर निघाली की मी मुलांना बजावायचे, काहीही झाले तरी एकमेकांचा हात सोडायचा नाही. माझ्या नोकरीत एकही मूल रस्त्यावर पडले नाही. ती सवय मी तुझ्यावर चालवली. तुझ्यात आणि साठ मुलांच्या रांगेत फरक आहे, हे मी लक्षात घेतले नाही.

दिवाळीनंतर तू एकच हट्ट धरलास. मोठ्या रस्त्यापलीकडच्या विहाराच्या अभ्यासिकेत, आतल्या भिंतीवर, तूच वीस वर्षांपूर्वी लिहिलेले पंचशील ओल धरून उडाले होते. ते तुला पुन्हा लिहायचे होते. आणि तिथे एकट्याने चालत जायचे होते.

मी तुला तो रस्ता गणितासारखा मांडून दाखवला होता, आठवते? पाटीवर दोन समांतर रेषा काढल्या. आपली वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाकडे जवळच्या अर्ध्यात वाहन उजवीकडून येते. ते तुला दिसते. पण मध्यावर पोहोचलास की पुढच्या अर्ध्यात वाहन डावीकडून येते. परत येतानाही हेच. "रस्त्याचा पहिला अर्धा भाग तुझा आहे," मी म्हणाले, "दुसरा तुझा नाही. आणि सध्या कारखान्यांचे गाळप चालू आहे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ब्रेक लावून जागेवर थांबत नाही."

तू पाटी हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहत राहिलास. मला वाटले, पटले. आता वाटते, तू उत्तर शोधत होतास.

त्याच सुमारास आपल्या दाराच्या चौकटीशेजारी, बाहेरच्या भिंतीवर, वीतभर लांबीची उभी लाल रेघ दिसली. मी संतापले. गल्लीतली मुले आता भिंतीही सोडत नाहीत! ऑईलपेंट होता, ओल्या फडक्याने निघेना. तुला सांगितले, तर तू कॉटखालचा डबा पुढे केलास.

"घे, टर्पेंटाईन लाव. पोरं लई वाह्यात झाल्यात."

मी पुसली. दोन दिवसांनी रेघ पुन्हा तिथेच. मी पुन्हा पुसली, आणि शेजारच्या सुमनच्या मुलांना दारात उभे करून सत्य बोलण्याचे महत्त्व समजावून सांगितले. ती बिचारी शपथा घेत होती. तू खिडकीत बसून ऐकत होतास आणि मध्येच म्हणालास, "जाऊ दे गं, शालन. रेघच हाय, शिवी न्हाय लिहिली." तिसऱ्यांदा ती उमटली तेव्हा मी सोडून दिली.

एकदा तुझ्या बोटाला लाल दिसले. तुला रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. "कुठे लागले? दाखव आधी!" तू बोट हुंगायला माझ्या नाकापुढे धरलेस. रंगाचा वास. "डबं आवरत हुतो." मी रोज तीन ते पाच शिष्यवृत्तीच्या मुलांना शिकवायला शाळेत जायचे. तू दुपारी झोपतोस, आणि सुमन अधूनमधून डोकावते, म्हणून जायचे. परतल्यावर विचारायचे, "झोपलास ना?" तुझे उत्तर ठरलेले. "डाराडूर."

सोमवारी संध्याकाळी, म्हणजे शेवटच्या संध्याकाळी, तू पुन्हा विषय काढलास.

"उद्यापास्नं तुला सांगून जातो म्हणतोय. इहारात. एकटा."

त्यातला 'सांगून' हा शब्द मी ऐकला आणि त्याचा अर्थ घेतला नाही. मी म्हणाले, "मी असेपर्यंत नाही."

"तू असंपर्यंत न्हाय. आन् मी असंपर्यंत?"

तुझ्या ताटातली चटणी डावीकडे होती आणि ती तू खाल्ली नव्हतीस. मी हात पुढे केला आणि ताट फिरवले. आपल्या वादातले माझे शेवटचे विधान ते.

तिसऱ्या दिवशी माणसे भेटायला येत होती. मोठ्या रस्त्याला पंक्चर काढणारा तानाजी आला, दाराशी टेकला. मग म्हणाला, "बाई, अण्णांची लई सवय लागल्याली ओ. साडेतीन वाजलं की आपसूक मान तिकडं वळती."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? रस्त्याला. रोज इहारात जायचे न्हवं का." माझा चेहरा पाहून तो चपापला. "तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय?"

गेलेल्या माणसाच्या जिवाचीही धास्ती वाटते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. तीन महिने! मी वर्गात कोन मोजायला शिकवत होते आणि तू ट्रॉल्यांच्या रस्त्यात उभा होतास. पुढचे आठ दिवस मी त्याच रस्त्यावर होते, कॉटवर बसून. प्रत्येक ट्रॅक्टरचा आवाज तुझ्या डाव्या अंगाने यायचा. आणखी एक भीती त्याला येऊन मिळाली. त्या चालण्याने तर दुसरा झटका आला नाही? की मी दिवसभर धरून ठेवले, त्याने? मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाई, चालण्याचा दोष धरू नका. ते चालणं म्हणजे आम्ही जे शिकवत होतो, तेच. बाकी नक्की कशानं झालं, ते मला सांगता येणार नाही." माझ्या कामात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी असते. या प्रश्नाचे नाही. ते मी अजून पचवते आहे.

काल दुपारी साडेतीनला मी घराला कुलूप लावले आणि निघाले.

दारापाशी मुलांची म्हणून दोनदा पुसलेली रेघ होती. घरी परतणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला. तेव्हा मला समजायला सुरुवात झाली. गल्लीच्या तोंडाशी भिंतीच्या कोपऱ्यावर दुसरी होती, तुझ्या डोळ्यांच्या उंचीची. मग डेअरीच्या कठड्यावर. मग गटारावरच्या फरशीजवळ, जिथे पाऊल चुकले तर गुडघाभर खाली. जाताना डावीकडे एक रांग, येताना डावीकडे दुसरी. एकही रेघ वाकडी नव्हती. तू सगळ्या वाटेला समास आखला होतास, अण्णा, आणि मी तो टर्पेंटाईनने पुसत होते.

मोठ्या रस्त्याच्या कडेला मात्र मी थांबले. रस्त्याच्या मध्यावर रेघ मारायला भिंत नसते. तानाजी टायर सोडून उठून आला.

"हितं कसे पार व्हायचे ते?" मी विचारले.

"हितं अर्धा रस्ता यायचे आन् मधल्या पट्ट्यावर थांबायचे. मान फिरवायचे, पार मागं बघितल्यागत. ती चिंच दिसती न्हवं?" डावीकडे दूरवर चिंचेच्या बुंध्यावर हातभर रुंद लाल पट्टा होता. "त्यो मी मारलाय. अण्णा हितनं वरडायचे, 'आणि वर! आणि जाड!' त्यो पट्टा पुरता दिसला, मधी काय आडवं आलं न्हाय, की मगच पाय उचलायचे. येताना तिकडचा लाईटीचा खांब, त्याच्यावर बी तसाच पट्टा. एकदा ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारून मारून डोस्कं उठीवलं, तर ह्यांनी काठी वर केली आन् म्हणाले, 'पावणं, मला घाई न्हाय, तुमीच जावा.'"

मी हसले.

अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोन मुली बसल्या होत्या. एकीने मला ओळखले आणि ती जीभ चावून उभी राहिली. "काकांनी आमास्नी आन् सुमनकाकूस्नी सांगितलं हुतं, बाईस्नी एवढ्यात सांगू नगा. पुरं झाल्यावर मीच हाताला धरून आणतो म्हणाले." त्यांनी सांगितले की तू खिडकीचा गज दोन बोटांनी धरून लिहायचास. मग एके दिवशी न धरता. त्या रकान्यात मी तुला दहापैकी पाच दिले होते.

भिंतीवर डावीकडे उभी लाल रेघ, आणि तिच्यापासून चार बोटे कड सोडून निळ्या रंगात पाच ओळी. पाचही ओळींची सुरुवात एका सुतात. जो भाग तुला दिसत नव्हता, तो सगळा पुरा झाला होता. शेवटच्या ओळीच्या उजव्या टोकाचे दोन शब्द तेवढे खडूच्या आखणीत राहिले होते. जे दिसते ते कधीही होईल, म्हणून बहुधा तू ते मागे ठेवले असशील.

विहाराची मंडळी म्हणतात, कोल्हापुरातून पेंटर आणू. आणावाच लागेल. मला रंग येत नाही, पण खडू येतो. पर्समध्ये एक तुकडा असतोच. तुझी आखणी पुसट झाली होती. मी ती अक्षरे तुझ्याच वळणाने पुन्हा गडद केली आणि बाहेर पडले.

परत येताना रस्त्याचा पहिला अर्धा भाग सहज झाला. मध्यावर माझे पाऊल अडले. मला दोन्ही बाजू दिसतात, अण्णा, तरी. डावीकडून उसाची ट्रॉली येत होती. तिच्या आड खांब झाकला गेला. समोरून तानाजीने हाक दिली, "बाई, येऊ काय हात धराय?"

"नको," मी म्हणाले. "तिथेच थांबा."

ट्रॉली गेली. मी मान आणखी डावीकडे वळवली. खांबावरची रेघ वरपासून खालपर्यंत दिसली. मग मी पाऊल उचलले.